बेडका निगेटिव्ह आला, पण दम खराच आहे

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर… इंदूरमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स झाला, बेडक्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, की फुप्फुसं पहिल्यासारखी होतात. त्यानंतरही दम लागत असेल तर तो मनाचा कमकुवतपणा. अशा माणसाने पडून आराम करावा, पंपाची (श्वासातून औषध ओढायच्या इनहेलरची) सवय लावून घेऊ नये आणि घरच्यांनी त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवावं.

छातीच्या रुग्णांना व्यायाम शिकवणं हे माझं काम. असले मेसेज वाचून लोक चालणं सोडतात, पंप कपाटात टाकतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

फुप्फुसं पहिल्यासारखी होतात? निगेटिव्ह रिपोर्ट एवढंच सांगतो की बेडक्यात जंतू सापडले नाहीत. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. ही औषधं जंतू मारतात. आजारात झालेली पडझड ती भरून काढत नाहीत. कुणाच्या फुप्फुसात पोकळी राहते, कुणाचा एखादा भाग वण धरून आक्रसतो, कुणाच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात आणि त्यांत कफ साचत राहतो. सगळ्यांचं असं होत नाही. लवकर निदान झालेले कितीतरी जण खरंच पूर्ववत होतात. पण आपण कुठल्या गटात आहोत हे बेडक्यावरून कळत नाही. त्यासाठी एक्स-रे आणि जोरात फुंकर मारायची स्पायरोमेट्री लागते.

दम म्हणजे मनाचा कमकुवतपणा, या वाक्याचा मला सगळ्यात राग आहे. रुग्णाचं जगणं किती अवघड झालंय हे मोजता येतं. त्यासाठी सेंट जॉर्जेस नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिचे गुण 0 ते 100. जितके जास्त तितका त्रास जास्त, आणि चार गुणांचा फरकसुद्धा रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. त्यात खोकला-कफाबद्दल विचारतात, तसंच आंघोळ करताना, जिना चढताना धाप लागते का, चारचौघांत खोकल्याची लाज वाटते का, हेही विचारतात. आपल्या घरांत याची उत्तरं रोज दिसतात. गणपतीत आरतीला उभी राहिलेली बाई अर्ध्या कडव्यात गप्प होते. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की ‘बरं वाटत नाही’ सांगते, कारण तिथे उबळ आली तर बायका सरकून बसतील. दिवसेंदिवस असं कोंडून राहिल्यावर मन खचतंच. मेसेजवाले नेमकं हे खचलेलं मन बघतात आणि त्यालाच आजाराचं मूळ ठरवतात.

पडून राहण्याचा सल्ला तर घातकच. दम लागतो म्हणून माणूस हालचाल टाळतो, त्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात आणि मग तेवढ्याच चालण्याला पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते. आम्ही सुरुवातीला सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजतो, चालताना ऑक्सिजन पाहतो आणि त्यावरून व्यायाम ठरवतो. साधारण सहा ते आठ आठवडे नियमाने केलं तर बहुतेकांचं अंतर वाढतं. वण तसेच राहतात, पण जिना चढता येतो. श्वास फुलला तरी एखादं वाक्य बोलता येईल इतपत वेग ठेवायचा. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. कफ साचत असेल तर तो काढायचं तंत्र रोज करायचं. बेडक्यात रक्त दिसलं मात्र व्यायाम थांबवून आधी डॉक्टर गाठायचे.

पंपाची सवय लागत नाही. तो प्रत्येकाला लागतो असंही नाही. श्वासनलिका किती आवळल्या आहेत ते पाहून डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याचा पंप ओढू नका आणि स्वतःचा मनाने बंद करू नका.

ताट-वाटीचं काय? टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. आणि ज्याला तुम्ही पूर्ण बरा झालेला म्हणता, त्याचंच ताट वेगळं कशासाठी?

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. कोर्सनंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं, असं सरकारी कार्यक्रमातच सांगितलेलं आहे. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका. इंदूरचं एमवाय रुग्णालय, मनोरमाराजे टीबी रुग्णालय किंवा जवळचं केंद्र, कुठेही चालेल. खोकला, ताप, वजन घटणं पुन्हा सुरू झालं तर टीबी उलटलेला असू शकतो. पण जुन्या पोकळीत ॲस्परजिलस नावाची बुरशीही वाढते, आणि तिची लक्षणं हुबेहूब टीबीसारखी असतात. तिच्यासाठी वेगळी रक्ततपासणी आहे आणि बहुधा इट्राकोनॅझोल निदान सहा महिने घ्यावं लागतं. टीबीचं रिफाम्पिसिन या गोळीचं रक्तातलं प्रमाण इतकं खाली आणतं की ती घेऊन न घेतल्यासारखी होते. म्हणून तपासणीशिवाय टीबीचा कोर्स पुन्हा चालू करू नका, आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.