फ्री थ्रो कोण टाकणार, माझा काका?

यंदा पण तेच! दर वर्षी हाफ डे टाकून, भायखळ्याला उतरून घामाघूम होत नागपाड्याला जायचं आणि आपल्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमनं चौथ्या क्वार्टरमध्ये माती खायची. पास आऊट होऊन इतकी वर्षं झाली तरी जातो, मलाच अक्कल नाही.

हाफ टाईमपर्यंत काय खेळत होते राव, बाजूचे काका पण वा वा करत होते. मग समोरच्यांची एकाच क्वार्टरमध्ये चार फाउलं झाली, म्हणजे पाचव्यापासून आपल्याला दोन-दोन फ्री थ्रो, कोणी न अडवता रिंगवर मारायचे फुकटचे शॉट, चांदीच की! पण नाही. रेषेवरून बोर्ड फक्त 4.6 मीटरवर, अंगावर कोणी नाही, पाच सेकंद निवांत, आणि आमचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच पोरगा, बॉल दोनदा आपटतो, शॉर्ट्सला हात पुसतो आणि थेट रिंगच्या पुढच्या कडेवर ठण्ण! दुसरा तर एअरबॉल, कशालाच लागला नाही. गुडघे वाकवतच नाही रे तो, नुसत्या हातानं ढकलतो, हे मला वरच्या पायरीवरून दिसतं आणि कोचला बाकावरून दिसत नाही?

त्यात शॉट मारायला मिळणाऱ्या 24 सेकंदांतले अठरा सेकंद बॉल आपटत ड्रिबल करण्यात घालवायचे आणि मग घाबरून लांबून कुठूनही तीन पॉइंटवाला थ्री मारायचा. अरे, समोर नागपाड्याची पोरं बसलीयत, ज्या गल्ल्यांतून इंडियाला खेळलेले प्लेयर निघाले, ती हसत होती आपल्यावर.

हरल्यावर कोच म्हणे पोरं दमली. मग सकाळी सहाला काय सेल्फी काढायला बोलावता?