सुट्टी लागली की बायोगॅस ‘मरतो’? एका प्रतिक्रियेला उत्तर

वसतिगृहाच्या मेसमधलं खरकटं आणि त्यावर चालणारा बायोगॅस, या माझ्या लेखाखाली धुळ्याच्या एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. शोधत बसायला नको म्हणून ती इथेच देतो : “विद्यापीठातले बायोगॅस फोटोपुरते असतात. सुट्टी लागली की मरतात. आकडे फुगवलेले आहेत. सोलर, पाणी, झाडं, सगळ्याचं तेच. लिहिणाऱ्यांनी मेसची बादली एकदा तरी उचलून बघावी.”

साहेब, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच लागलं. मी काय उचललं आणि काय नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. टाक्या भरण्यात, उपसण्यात आणि तुंबलेले पाइप मोकळे करण्यात माझी सोळा वर्षं गेली आहेत. एवढं सांगून हा विषय सोडतो. पण ती बादली रोज उचलणाऱ्या मावशी असतात, मेसची पोरं असतात. त्यांच्या कष्टाचा दाखला देऊन मला गप्प करायचं आणि त्याच दमात त्यांच्या कामाला ‘फोटोपुरतं’ म्हणायचं, हे मला मुळीच पटलं नाही. टीका जरूर करा, पण ती टाकीवर करा.

एक गोष्ट मान्य करतो. १०० किलो खरकट्यातून सिलिंडरमधल्या ५ किलो गॅसइतकं इंधन मिळतं, असं मी लिहिलं होतं. ४ लिहायला हवं होतं. शिजलेल्या, निथळलेल्या, निवडलेल्या १०० किलो खरकट्यातून साधारण ८ ते १० घनमीटर बायोगॅस निघतो, आणि एक घनमीटर म्हणजे सिलिंडरमधला जेमतेम ४५० ग्रॅम गॅस. म्हणजे १९ किलोचा एक सिलिंडर पाचेक दिवसांत वाचतो. खरकट्यात वरणाचं पाणी आणि ताटं विसळलेलं पाणी असेल तर त्याहूनही कमी. आकडा दुरुस्त केला आहे. ‘फुगवलेले आकडे’ हे अनेकवचन मात्र तुमचं, माझं नव्हे.

आता ‘सुट्टी लागली की मरतात’. हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येतं की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. उपाशी राहिल्याने टाकी मरत नाही. आतले जिवाणू खाणं थांबलं की मंदावतात, गॅस कमी होत होत बंद पडतो, पण शेणकाला टाकीत तसाच असेल तर महिना-दीड महिन्यानंतरही ते जागे होतात. टाकी मरते ती मेस पुन्हा सुरू झाल्यावर, पहिल्या आठवड्यात. दीड महिना काही न मिळालेल्या टाकीत पहिल्याच दिवशी ठरलेलं पूर्ण ८०-१०० किलो खरकटं ओततात. आत दोन तऱ्हेचे जिवाणू आहेत. अन्नाचं आम्ल करणारे झपाट्याने वाढतात. त्या आम्लाचा मिथेन करणारे फार सावकाश वाढतात, त्यांना संख्या दुप्पट करायला काही दिवस लागतात. पहिल्यांचं काम पुढे पळतं, आम्ल साठतं, टाकीचा सामू (पीएच; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) ६.५ च्या खाली जातो आणि मिथेन बंद होतो. गॅस येतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त, म्हणून शेगडी पेटत नाही. स्लरीला, म्हणजे टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ काल्याला, आंबूस वास सुटतो. मग सगळे म्हणतात, सुट्टीत मेला.

उपाय महागडा नाही. खरकटं ताबडतोब बंद करा, पाच-सहा दिवस काहीही टाकू नका. सामू बघायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या रोज वापरा. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, एकदम नको, कारण चुना जास्त झाला तर दुसरं टोक गाठलं जातं. ताज्या शेणात तेवढंच पाणी कालवून त्याच्या आठ-दहा बादल्या सोडा. सामू ६.८ च्या वर आला आणि ज्योत निळी झाली की पूर्ण मात्रेच्या चौथ्या हिश्शापासून सुरू करा आणि तीन-चार आठवड्यांत पूर्ण मात्रेवर या. हीच चढती मात्रा मेस उघडल्यावर पहिल्या दिवसापासून पाळली असती तर चुना लागलाच नसता. सुट्टीतही दोन दिवसांआड २०-२५ किलो शेण कालवून टाकलं तर टाकी जागी राहते. जवळच्या गोठ्याशी बोलून ठेवायचं काम परीक्षा संपायच्या आधी करावं लागतं, नंतर कोणी भेटत नाही.

आपल्याकडे त्यात मे महिन्याची भर पडते. जळगाव-भुसावळचं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. जिवाणूंना ३५ ते ३७ अंश मानवतात आणि ४२ च्या पुढे त्यांचं काम बिघडतं. जमिनीत गाडलेल्या टाकीला त्याची फारशी झळ लागत नाही, पण गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीला लागते. तिच्यावर शेडनेट किंवा ओलं गोणपाट हवंच. दुसरी बाब पाण्याची. ज्या टाकीचा ड्रम पाण्याच्या कड्यात तरंगतो, तिचं पाणी मे महिन्यात भराभर उडतं. पातळी खाली गेली की ड्रमच्या कडेने गॅस निसटतो आणि परिसरात घाण वास पसरतो. त्यावेळी टाकी बिघडलेली नसते, कड्यात पाणी घालायला कोणी नसतं. ते तीन दिवसांनी एकदा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता मेसच्या जेवणाबद्दल, कारण पुण्या-मुंबईकडच्या पुस्तिकांत हे सापडत नाही. आपला रस्सा तर्रीचा. वरच्या तेलाने स्लरीवर साय धरते, त्यातली स्निग्धाम्लं मिथेनवाल्यांना रोखतात. म्हणून उरलेला रस्सा वेगळ्या डब्यात काढायचा आणि तेल निथळल्यावरच टाकायचा. बट्ट्या फोडून, भिजवून टाका, अख्खी बट्टी नळीत अडकते. केळीची सालं चालतात, पण पिकून काळी झालेली केळी एकदम दहा-वीस किलो टाकू नका. साखर जास्त, आंबट लवकर. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं, हाडं, अंड्याची कवचं आणि साबणाचं पाणी बाहेर. फिनेल तर मुळीच नको. वास बहुतेक वेळा बंद टाकीचा नसतो, रात्रभर राहिलेल्या बादलीचा असतो. रात्रीचं खरकटं सकाळी आठपर्यंत टाकीत गेलं पाहिजे.

टाक्या बंद पडायचं आणखी एक कारण तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो : स्लरी. १०० किलो खरकटं आणि १०० लिटर पाणी आत गेलं की रोज जवळपास २०० लिटर स्लरी बाहेर येते. ती कुठे न्यायची हे उद्घाटनाच्या दिवशी ठरलेलं नसतं. महिन्याभरात खड्डा भरतो, डास होतात, तक्रार येते, टाकी बंद. चर काढून झाडांच्या आळ्यांपर्यंत नेली, निम्मं पाणी मिसळलं, तर कडुनिंब-करंज ती आनंदाने घेतात.

शेगडीचंही ऐका. सिलिंडरची शेगडी जशीच्या तशी चालत नाही. या गॅसचा दाब कमी, म्हणून मोठ्या छिद्राचा बर्नर लागतो. पाइपच्या सखल भागात पाणी साठून ज्योत धापा टाकते, तिथे निचऱ्याची तोटी हवी. लोखंडाच्या किसाची नळी मध्ये बसवली तर हायड्रोजन सल्फाइड अडतो आणि बर्नर गंजत नाही. एवढं केलं तर आचारी तक्रार करत नाही. भाताचं आधण आणि चहा यावर आरामात होतो.

सोलर, पाणी आणि झाडांवर तुम्ही एका ओळीत निकाल दिलात. त्या एका ओळीला मी उत्तर देणार नाही. आणि ‘फोटोपुरते’चं म्हणाल तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठं आवार असलेल्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. म्हणजे हे काम कोणाच्या हौसेचं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या शहरांतल्या अशा संस्थांनाही ते लागू झालं.

जूनमध्ये मेस सुरू होईल. तुमच्या माहितीतल्या ज्या टाकीवरून तुम्ही लिहिलंत, तिथे पहिल्या दिवशी किती किलो टाकलं आणि आठव्या दिवशी सामू किती आला, एवढं इथे लिहा. आणि त्याआधी तो बादलीचा शब्द मागे घ्या.