भागवत उघडून बघ, मावशी

बुद्ध पौर्णिमेला सकाळी सकाळी माझ्या राजारामपुरीतल्या मावशीनं शेजारच्या काकूंना फॉरवर्ड पाठवला. ‘बौद्ध धर्म ही हिंदू धर्माचीच शाखा. बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार. आत्मा, कर्म, पुनर्जन्म दोन्हीकडं सारखंच. घटनासुद्धा बौद्धांना हिंदूच म्हणते. मग वेगळेपणा कशाला?’ खाली कमळं आणि जोडलेले हात. या काकूंच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. बुद्ध विष्णूचा अवतार हा प्रचार खोटा, असं त्यातली पाचवी सांगते. त्याच फ्रेमखाली बसून मावशी पंधरा वर्षं चहा पितेय.

‘अगं, अवतार म्हटलं म्हणजे मानच दिला की!’ मावशीचं म्हणणं. बरं. भागवत तिच्या देवघरातच आहे. पहिला स्कंध, तिसरा अध्याय, चोविसावा श्लोक. कलियुगात देवांच्या शत्रूंना भुलवण्यासाठी कीकट देशात, म्हणजे मगधात, बुद्ध नावाचा अंजनसुत, म्हणजे अंजनाचा मुलगा, होईल. भुलवण्यासाठी! कुणाच्या गुरूला असं म्हणायचं आणि वर कमळं पाठवायची? शिवाय शुद्धोदन आणि महामायेचा सिद्धार्थ अंजनसुत कधी झाला? जुन्या पंचांगांच्या चित्रांत तर नवव्या जागी आपला विठोबा उभा असतो. म्हणजे तिथं कोण, यावर आपलंच एकमत नाही.

आत्मा सारखाच, हे तर कहर आहे. जुनं वस्त्र टाकून नवं नेसावं तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेतला श्लोक मावशीला पाठ आहे. बुद्धांनी सारनाथला पाच भिक्खूंना जे सांगितलं ते याच्या अगदी उलट. माणूस ज्या पाच गोष्टींचा बनतो त्या रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, यातल्या कशालाच ‘हा मी’ म्हणता येत नाही. त्या सुत्ताचं, म्हणजे उपदेशाचं, नावच अनत्तलक्खण. अनत्त म्हणजे अनात्म. वस्त्र बदलणारा कुणी नाहीच! मग पुनर्जन्म कुणाचा? मिलिंद या ग्रीक राजालाही हाच प्रश्न पडला होता. भिक्खू नागसेनानं त्याला उलट विचारलं, दिव्यावरून दिवा लावला तर पहिल्यातलं काही उठून दुसऱ्यात जातं का?

कर्म, पुनर्जन्म हे शब्द दोन्हीकडं आहेत, हे मान्य करावंच लागतं. पाली ग्रंथांत इंद्र आणि ब्रह्माही भेटतात. पण भेटतात ते बुद्धांपुढं हात जोडून.

घटनेचं म्हणाल तर ‘हिंदू’ शब्दात बौद्धही धरावेत, हे पंचविसाव्या कलमाचं स्पष्टीकरण समाजसुधारणा आणि सार्वजनिक मंदिरं हिंदूंच्या सगळ्या वर्गांना खुली करण्याच्या तरतुदीपुरतं आहे. त्यात शीख आणि जैनही आहेत. पुढं.

काकूंनी उत्तरादाखल नुसता नमस्कार पाठवला. दुपारी दरवर्षीसारखा खिरीचा डबाही आला. तो आता घासूनपुसून ओट्यावर आहे, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून मावशीनं शंकरपाळ्या तळल्यात.

‘जाऊन काय बोलू गं?’

म्हटलं, बोलू नको, आधी ती फ्रेम वाच.

‘माझा चष्मा बघ कुठं आहे,’ म्हणाली.