फोटो नका धाडू, टाइप करा!

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेची नोटीस आली. नोटीस म्हणजे काय, रजिस्टरच्या पानाचा तिरपा फोटो. मला दिसत नाही हो! फोनमधलं टॉकबॅक टाइप केलेलं धडाधडा वाचतं, पण सचिवांच्या अक्षराचा फोटो आला की 'इमेज' म्हणून गप्प. कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठाही आलाय म्हणे, भाच्यानं सांगितलं.

निवडून आल्यापासून तेच मागतेय. "हाव ना ताई, पुढच्या बारीले नक्की." लेखी अर्ज दिला, तर त्याची पोचही फोटोतच!

सभेत जमाखर्च "वाचला असं समजा", अन् माझं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवतात. कायची घाई एवढी? वरून सल्ला, "मालकाले वाचाले लावा ना." मग सदस्य कोण, मी का तो? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव काढलं की मी भांडखोर.

अन् कहर पाहा. दिव्यांगांच्या 5 टक्के निधीचा विषय यावेळी होता म्हणे. त्याच फोटोत.