चॅनल काढताय? आधी पाकिटाचं बघा

न्यूज चॅनल काढायचं डोक्यात आहे म्हणे, अभिनंदन. कॅमेरे, अँकर, ब्रेकिंगची लाल पट्टी हे सगळं नंतर, आधी सरकारला प्रश्न विचारायची खाज असेल तर तिच्यावर मलम लावा. विरोधी पक्षाला विचारा की हवे तेवढे, रात्री ९ वाजता सगळे तेच तर करतात.

तरी नाही ऐकायचं? मग केरळच्या मीडियावन या न्यूज चॅनलचं बघा. ३१ जानेवारी २०२२ ला केंद्र सरकारने चॅनल बंद केलं. का? देशाची सुरक्षा. म्हणजे आम्ही नेमकं केलं काय? ते सीलबंद पाकिटात आहे. मग दाखवा की पाकीट! दाखवलं ना, जजसाहेबांना दाखवलं, तुम्हाला कशाला हवंय? हायकोर्टात एकदा सोडून दोनदा ते पाकीट बघितलं गेलं, दोन्ही वेळा पटलं, आणि ज्याच्यावर आरोप तो बिचारा बाहेर व्हरांड्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची ऐकलं होतं, पाकिटाचा भाव त्याहून जास्त निघाला. सुप्रीम कोर्टाचा स्टे मिळाला म्हणून चॅनल तगलं, पण सुरक्षेचा मुद्दा असा हवेतून काढता येत नाही हा निकाल यायला ५ एप्रिल २०२३ उजाडलं.

दुसरं, ऑफिसात जादा चहापत्ती ठेवा. बीबीसीची २००२ च्या गुजरात दंगलीवरची डॉक्युमेंटरी आली, लिंका ब्लॉक झाल्या आणि पुढच्याच महिन्यात दिल्ली-मुंबईच्या ऑफिसात इन्कम टॅक्सवाले तीन दिवस मुक्कामाला. धाड म्हणायचं नाही हां, सर्व्हे. मास्तर जनगणनेला येतात ना, अगदी तस्सं.

एनडीटीव्ही इंडियाला पठाणकोटच्या अतिरेकी हल्ल्याच्या कव्हरेजबद्दल २४ तास बंद राहायची शिक्षा दिली, तारीख कुठली तर ९ नोव्हेंबर २०१६. आदल्या रात्री नोटा गेल्या, अख्खा देश टीव्हीला चिकटलेला! त्याआधीच आदेश थांबवला होता म्हणून, नायतर बिचारे नेमके त्याच दिवशी अंधारात.

यूट्यूबवर काढू म्हणता? तिथे तर पाकीटपण येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये फोरपीएम हे हिंदी चॅनल ब्लॉक झालं, संपादक सुप्रीम कोर्टात गेले, मग कळलं की आदेश मागे घेतलाय.

आमची ही म्हणते सरळ रेसिपीचं चॅनल काढा. काढा की, फक्त कांदा कितीला आणला ते बोलू नका.