मोठा सेन्सर, चादर आणि एक्स-रे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘फोर बाय फाइव्ह आकाराचा डिजिटल सेन्सर बनणं अशक्य’ (म्हणजे 4 बाय 5 इंचाच्या फिल्मएवढी, प्रकाश टिपणारी चिप) या माझ्या वाक्यावर तुम्ही लिहिलंत, की तुम्ही एक्स-रे विभागात काम करता आणि त्याहून मोठा सेन्सर रोज हाताळता. मोबाइलचे कॅमेरे स्वस्त झाले तसे हेही होतील, मग नव्या पोरांना फिल्मच्या खर्चात का ढकलता, असंही विचारलंत.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. ‘अशक्य’ हा शब्द चुकला, मूळ लेखात बदलतो. कॅननने 2010 मध्येच 202 बाय 205 मिलिमीटरचा सेन्सर दाखवला होता. लार्जसेन्स या कंपनीने 2018 मध्ये एट बाय टेन (8 बाय 10 इंच) आकाराचा कॅमेरा विक्रीलाही आणला. किंमत तेव्हा 1,06,000 डॉलर, चित्र कृष्णधवल आणि फक्त 12 मेगापिक्सेलचं, कारण एकेक पिक्सेल 75 मायक्रॉनचा, म्हणजे 0.075 मिलिमीटरचा.

मोबाइलचा दाखला मात्र मला पटत नाही. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा असतो, म्हणून एका सिलिकॉन वेफरमधून, म्हणजे चिप बनवायच्या पातळ चकतीतून, असे कितीतरी निघतात. आपल्याला आकारच मोठा हवा आहे. फोर बाय फाइव्हचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या (36 बाय 24 मिलिमीटर) पंधरा पट. आजची मोठी वेफर 300 मिलिमीटर व्यासाची, गोल. तिच्यावर असे चार सेन्सर मावत नाहीत. एट बाय टेनचा तर कर्णच 325 मिलिमीटर, म्हणजे एकही अखंड बसत नाही.

त्यात दोषाचा प्रश्न. हे सोलापूरकराला चादरीवरून चटकन कळेल. ताग्यात चार ठिकाणी धागा तुटला आणि त्याचे रुमाल कापले, तर चार रुमाल बाद, बाकी सगळे विकले जातात. त्याच ताग्याच्या चारच चादरी काढल्या, तर चारही सेकंडमध्ये जाऊ शकतात. मेलेला एखादा पिक्सेल सॉफ्टवेअर झाकतं, पण आतली वाहिनी शॉर्ट झाली की अख्खा तुकडा टाकून द्यावा लागतो. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या 3200 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातही एकच मोठा सेन्सर नाही, 189 तुकडे शेजारी शेजारी मांडलेत. मधल्या फटी दुर्बीण थोडी हलवून पुन्हा टिपल्या की भरून निघतात. आपल्यासमोर गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असते, ती तशीच थांबत नाही.

आता फिल्म. मे महिन्यात नळाचं पाणी किती तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे. फिल्म धुण्याचं रसायन, म्हणजे डेव्हलपर, 20 अंशांवर आणायला मी ट्रेखाली बर्फाची परात ठेवतो. एक शीट बिघडली की जीव तुटतो. म्हणून डिजिटल यावं असं मलाही मनापासून वाटतं. फिल्मचा आग्रह धरतो तो इंद्रभुवनासाठी, सोलापूर महापालिकेच्या त्या जुन्या इमारतीसाठी. रस्त्यावरून कॅमेरा वर रोखला की कमानी मागे कलतात. बेलोज कॅमेऱ्यात, म्हणजे भात्यासारख्या घडीच्या कॅमेऱ्यात, मागची बाजू सरळ ठेवून नुसती पुढची लेन्स वर सरकवली की खांब ताठ उभे राहतात. ते चित्र कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर उलटं, पण हाताएवढं दिसतं. याच कॅमेऱ्याला फिल्मच्या जागी आज मिळणारी मोठी डिजिटल बॅक, म्हणजे सेन्सरची पेटी, लावली तर ती 53 बाय 40 मिलिमीटरच वापरते. दीडशे मिलिमीटरच्या लेन्समध्ये मग अर्धी इमारतही येत नाही. ती बॅक विकत घ्यायची ऐपत माझ्याकडे नाही, त्या पोरांकडेही नाही.

तुमचा एक्स-रेचा मुद्दा मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटला. 43 बाय 43 सेंटिमीटरचं पॅनल वेफरमधून कापलेलं नसतं. टीव्हीच्या पडद्यासारखं ते काचेवर सिलिकॉनचा पातळ थर देऊन बनवतात, म्हणून एवढं मोठं परवडतं. वरचा पडदा एक्स-रेचं प्रकाशात रूपांतर करतो, खालचे फोटोडायोड तो प्रकाश वाचतात. म्हणजे वरचा पडदा काढला, तर खालचा भाग साधा प्रकाशही वाचेल. पिक्सेल जाडे, सुमारे 0.14 मिलिमीटरचे, पण पूर्ण पॅनलवर नऊ-दहा मेगापिक्सेल होतात.

काही पॅनलमध्ये हा वरचा पडदा गॅडोलिनियमचा आणि वेगळा, नुसता दाबून बसवलेला असतो. सीझियम आयोडाइडचा थर थेट पॅनलवरच चढवलेला असेल, तर तो काढता येत नाही. तुमच्याकडे पहिल्या प्रकारचं एखादं पॅनल भंगारात निघणार असेल, तर परवानगी घेऊन मला कळवाल का? कॅमेऱ्याची मागची चौकट मी सुताराकडून करून घेतो.