‘दुरुस्तीनंतर हँडल जड, मशीन भरकटतं’: एक स्टारच्या रिव्ह्यूला वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार,

तुमच्या चार तक्रारी आहेत. मागचं सस्पेन्शन आमच्याकडे उघडून घेतल्यापासून स्नोमोबाइल (पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा म्हणजे ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी) कडक ट्रेलवर डावी-उजवीकडे ओढली जाते, हँडल जड झालंय, वळणावर आतली स्की उचलते आणि नवे स्लायडर, म्हणजे ट्रॅक ज्यांवरून घसरत फिरतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पहिल्याच फेरीत वितळले. ‘शॉक नीट भरलेच नाहीत’ हा तुमचा निष्कर्ष मात्र पटत नाही. शॉकमधलं तेल किंवा गॅस कमी असेल तर उंचवट्यानंतर मशीन दोन-तीनदा उसळत राहतं आणि सील गेलं असेल तर शाफ्टवर तेलाचा ओला पट्टा दिसतो. तुम्ही लिहिलेल्यात किंवा टाकलेल्या फोटोंत यातलं काहीच नाही.

आधी वळणाचं बघू. तुमच्या पुढच्या शॉकमध्ये स्प्रिंगऐवजी हवा आहे. 20 अंशांच्या खोलीत 70 पीएसआय भरलेली हवा उणे 20 अंशांत साधारण 58 पीएसआयवर येते, तेही कुठेही गळती नसताना. पुढचा भाग असा मऊ पडला की वळणावर बाहेरची बाजू दबते, मशीन कलतं आणि आतली स्की हवेत जाते. जॉब कार्डावर ‘प्रेशर बाहेर, गार मशीनवर तपासा’ असं लिहून दिलंय ते याचसाठी. मशीन तासभर उघड्यावर ठेवा, पुढचा भाग उचलून शॉकवरचा भार काढा आणि शॉकच्या पंपानं दोन्ही बाजू सारख्या भरा. टायरचा कॉम्प्रेसर लावू नका. शॉकमध्ये हवेला जागा एवढीशी असते की क्षणभरात प्रेशर कुठच्या कुठे जातं.

स्की उचलते म्हणून तुम्ही लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उतरेल ते ठरवणारा पट्टा, दोन भोकं आखडलात. खरी गडबड इथे झाली. स्ट्रॅप आखडला की ट्रॅकचा पुढचा भाग पुरेसा खाली उतरत नाही, त्याचा भार स्कीवर येतो आणि हँडल जड होतं. त्यात तुमच्या फोटोत मागच्या टॉर्शन स्प्रिंगचा कॅम (स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारा खाचांचा तुकडा) चौथ्या पायरीवर दिसतोय. जुन्या, थकलेल्या स्प्रिंगना तो तिथे लागत होता. नव्या स्प्रिंग बसवल्यावर आम्ही तो पहिल्या पायरीवर ठेवून मशीन दिलं होतं. नव्या स्प्रिंगना चौथी पायरी दिली तर मागचा भाग उंच राहतो आणि आणखी वजन पुढे सरकतं. शिवाय कार्बाइड (स्कीखालच्या कठीण धातूच्या धारदार पट्ट्या) नवी आहेत, त्यांची धार तीक्ष्ण. एवढ्या भारानं ती बर्फात दाबली गेली तर आधीच्या मशीनांनी पाडलेली प्रत्येक चाकोरी पकडणारच.

म्हणून स्ट्रॅप आधी पूर्वीच्या भोकात आणा, डावा-उजवा सारखा. कॅम दोन्हीकडे पहिल्या पायरीवर घ्या. मग मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण उघडू द्या, ट्रॅक मात्र जमिनीला टेकलेला हवा. बंपरपासून जमिनीपर्यंत उंची मोजा. नेहमीच्या कपड्यांत सीटवर बसा, एकदोनदा दाबून स्थिर व्हा आणि दुसऱ्या कुणाला पुन्हा मोजायला सांगा. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. तो मॉडेलप्रमाणे 50 ते 100 मिमीच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलमधलाच धरा. सॅग जास्त असेल तरच कॅम एक पायरी चढवा. सॅग जुळल्याशिवाय यानंतरच्या कशालाही हात लावू नका, नाहीतर एकाची चूक दुसऱ्यानं झाकत बसाल.

एवढ्यानं हँडल हलकं झालं पण ओढणं राहिलं, तर स्कीचं अलाइनमेंट बघा. हँडल सरळ ठेवा, दोन्ही स्कीच्या टोकांना बंजी दोरी ताणून बांधा म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा निघून जाईल. ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावून ती स्कीपर्यंत पुढे आणा. स्कीच्या बोल्टच्या 250 मिमी पुढे आणि 250 मिमी मागे, पट्टीपासून कार्बाइडपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही स्की मिळून पुढचं माप 3 ते 6 मिमी जास्त हवं, म्हणजे टोकं किंचित बाहेर. टोकं आत असतील तर मशीन सरळ चालणारच नाही. माप जुळवायला टाय रॉड (हँडलला स्कीशी जोडणारी दांडी) फिरवल्यावर लॉक नट घट्ट करायला विसरू नका.

स्लायडरबद्दल. ट्रॅकचं अलाइनमेंट चुकलेलं असेल तर स्लायडर एका कडेनं झिजतो. तुमच्या फोटोत दोन्ही स्लायडर पूर्ण रुंदीभर चकचकीत आणि ओघळलेले आहेत, म्हणजे कोरड्या घर्षणानं तापलेले. स्लायडरला गारवा आणि वंगण दोन्ही बर्फाच्या भुग्यातून मिळतं. निव्वळ कडक बर्फावर तो उडत नाही, तिथे स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून भुगा उडवणाऱ्या दांड्या, खाली सोडावे लागतात. तुमचे फोटोत वर अडकवलेले आहेत. हे स्लायडर आम्ही फुकट बदलून देणार नाही.

सॅग आणि अलाइनमेंट मात्र तुमच्यासमोर मोजून देऊ, त्याचे पैसे नाहीत. आम्ही बसवलेला एखादा बोल्ट ढिला किंवा बुश अडकलेला निघाला तर तेही काम आमच्या खर्चानं. वरचं घरी न करता मशीन आमच्याकडेच आणणार असाल, तर आणण्यापूर्वी स्ट्रॅप आणि कॅम आहेत तसेच राहू द्या. येताना तुमचं जॅकेट, बूट, हेल्मेट आणि पाठीवरची बॅग घेऊन या, कारण सॅग या सगळ्या वजनासकट मोजावा लागतो.